गंजिफांचा जोड

सुटीच्या दिवशीं घरांत पत्त्यांचा डाव बसला म्हणजे हिशेबासाठीं चिंचोके किंवा कवड्या बाहेर निघत. बैठकींत पैसा आणणें शिष्टसंमत नव्हतें आणि नुसत्या तोंडी हिशेबावर कोणाचाच विश्वास नसे. तेव्हां हातीं लागेल ती वस्तु नाण्याची जागा घेई. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचें सूक्त आहे. त्याला देशोधडीस लावणारे अक्ष हीं तरी बेहड्याचीं फळेंच होतीं. निसर्गानें दिलेली वस्तु उचलावी आणि खेळावयास बसावें, ही रीत इतकी सोयीची असतां माणसानें खेळाचें साहित्य मुद्दाम घडविण्याचा खटाटोप कां केला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

त्याचें एक उत्तर सयाममध्यें, म्हणजे आजच्या थायलंडांत, मिळतें. तेथील जुगाराच्या अड्ड्यांनीं एकोणिसाव्या शतकांत पैशाऐवजीं चिनी मातीच्या लहान लहान चकत्या वापरात आणल्या. त्या इतक्या सोयीच्या ठरल्या कीं, लोक त्यांनीं बाजारांत भाजीपालाही घेऊं लागले. चलन म्हटलें कीं खोटें नाणें आलेंच! नकली चकत्या निघाल्या, कीं अड्डेवाला जुन्या परत घेऊन निराळ्या नक्षीच्या काढी. अखेर १८७५ मध्यें सरकारनें त्यांचें चलन बंद केलें. म्हणजे नक्षी ही येथें शोभेसाठीं नव्हती. खरें कोणतें आणि खोटें कोणतें हें सांगण्यासाठीं होती. अमेरिकेंत पोकर खेळणाऱ्यांच्या चकत्यांनाही मातीच्या चकत्या म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्या कुंभाराच्या आव्यांतल्या नव्हेत. प्रारंभीं माती आणि लाख यांचें मिश्रण साच्यांत दाबून त्या करीत, आणि हौशी गिऱ्हाइकें त्यांवर आपलीं आद्याक्षरें किंवा एखादें चिन्ह घालून घेत. त्या काळीं जगाच्या बाजारांतील बहुतेक लाख हिंदुस्थानांतून जात असे. गंमत अशी कीं, हीच लाख, तशीच पांढरी खडूची पूड आणि आपल्या घरगुती डावांतले तेच चिंचोके हीं तिन्हीं कोंकणांत एका निराळ्याच खेळाच्या साहित्यांत एकत्र आलीं होतीं. तें साहित्य म्हणजे सावंतवाडीच्या गंजिफा.

गंजिफा म्हणजे हातानें रंगविलेले पत्ते, आणि सावंतवाडीचे पत्ते वाटोळे. खेळ मूळचा परदेशी. बाबरानें १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनास, त्याला या खेळाची फार आवड होती म्हणून, गंजिफा पाठविल्याची नोंद स्वतःच्या आठवणींत केली आहे. अकबराच्या दरबारीं तो इतका रुळला होता कीं, अबुल फझलनें ‘ऐन-इ-अकबरी’त पानांचें वर्णन देण्यास जागा काढली, इतकेंच नव्हे, तर बादशहानें त्यांतील कांहीं चित्रांत स्वतः फेरफार केल्याचेंही तो सांगतो. मोगली जोडांत आठ बाज्या. बाजी म्हणजे ज्याला आज पत्त्यांत रंग म्हणतात ती. ताज, समशेर, गुलाम, चंग अशीं त्यांचीं नांवें, आणि प्रत्येकींत बारा पानें, एकूण ९६. महाराष्ट्रांत याच जोडाला चंगकांचनी म्हणत. पुढें हिंदु चित्रकारांनीं मुकुट व तरवारी यांच्या जागीं विष्णूचे दहा अवतार बसविले आणि दहा बाज्यांचा, १२० पानांचा दशावतारी जोड तयार झाला. सावंतवाडीस तो तिसऱ्या खेम सावंतांच्या काळीं (१७५५ ते १८०३) तेलंगणांतून शास्त्रचर्चेस आलेल्या विद्वानांबरोबर आला, असें परंपरा सांगते. देवांचीं चित्रें असल्यामुळें खेळतांना नामस्मरणही घडतें, असें समर्थन खेळणारे करीत. हें समर्थन देवाला पटलें असेल कीं नाहीं कोण जाणे. घरांतल्या वडीलधाऱ्यांना मात्र तें पटत असावें.

आतां हा जोड घडतो कसा, तें पाहण्यासारखें आहे. जुन्या कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवावयाचे, त्यांवर खडूच्या पुडीचा लेप द्यावयाचा, वाळल्यावर गुळगुळीत दगडानें घोटावयाचें, आणि मग वाटोळ्या चकत्या कापावयाच्या. रंगकाम चितारी लोकांचें. अखेरीस लाखेचा हात बसला, म्हणजे पान घामानें किंवा कोंकणच्या दमट हवेनें सहज बिघडत नसे आणि बोटांवरून अलगद सरके.

परंतु खरें कौशल्य चित्राच्या पुढें आहे. तीन खेळाडू, १२० पानें. प्रत्येकाच्या हातीं चाळीस. एवढीं वाटोळीं पानें पंख्यासारखीं धरलीं म्हणजे प्रत्येकाची कडेची चंद्रकोर तेवढी दिसते. त्या कोरेवरून पान कोणत्या बाजीचें तें क्षणांत समजलें पाहिजे. म्हणून प्रत्येक बाजीच्या जमिनीचा रंग निराळा. मत्स्याच्या बाजीवर मासे, कूर्माच्या बाजीवर कांसवें, वामनाच्या बाजीवर कमंडलु, परशुरामाच्या बाजीवर परशु, रामाच्या बाजीवर बाण: एक्क्यापासून दश्शापर्यंत हीं चिन्हें मोजून मांडलेलीं, आणि वर राजा व प्रधान. राजाच्या पानावर देवता आसनस्थ. प्रधानाच्या पानावर तीच देवता पुष्कळदां घोड्यावर. निम्म्या बाज्यांत दश्शा वरचढ आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ, असा उलटा क्रम असल्यामुळें ज्याची नजर किंवा स्मरण कमी, तो येथें हरलाच. हुकुमाची सोय नाहीं. कोणतीं पानें पडून गेलीं हें ध्यानांत ठेवणें हाच सारा खेळ. दिवसा डावाचा आरंभ रामाच्या राजानें आणि रात्रीं कृष्णाच्या राजानें व्हावयाचा.

पुढची बाजू अशी प्रत्येक पानाची निराळी, तर पाठ अगदीं एकसारखी हवी. एका पानाच्या पाठीवर रंगाचा ठिपका अधिक पडला, तर तें पान सर्वांच्या ओळखीचें झालें आणि १२० पानांचा जोड खेळाच्या दृष्टीनें फुकट गेला. एखाद्या भिंतीवरच्या चित्रांत चुकलेली रेघ खपून जाते. येथें १२० पाठी एकाच हातानें, एकाच रंगानें आणि एकाच जाडीनें उतराव्या लागत. चिताऱ्याच्या कसबाची परीक्षा ज्या बाजूवर कांहींच काढलेलें नाहीं, तिच्यावर अधिक होत असे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

गिऱ्हाईक पाहून जोड बदले. राजेरजवाड्यांसाठीं जें काम होई त्यास दरबार कलम म्हणत; तेथें हस्तिदंताच्या किंवा कांसवाच्या पाठीच्या चकत्या, सोन्याची शाई, चित्रांची पेटी. सामान्यांसाठीं बाजार कलम. तेथें चार फटकाऱ्यांत मासा आणि दोन फटकाऱ्यांत बाण. खास मागणीनें जोड करवून घेण्याच्या हौसेची परिसीमा मात्र म्हैसूरला झाली. तिसरे कृष्णराज वोडेयर (१७९४ ते १८६८) यांनीं स्वतः नवे नवे खेळ रचले व त्यांचे जोड काढविले. त्यांतील चामुंडेश्वरीच्या जोडांत तर ३२० पानें आहेत. राजाच्या कल्पकतेबद्दल आदर बाळगूनही असें वाटतें कीं, एवढीं पानें पिसून वाटणाऱ्याचा अर्धा उत्साह वाटण्यांतच संपला असेल. बाजार कलमेचा ओबडधोबड मासा त्या मानानें अधिक भाग्यवान. तो हातांत खेळला, झिजला, आणि झिजला म्हणूनच आज फारसा सांपडत नाहीं. वस्तुसंग्रहालयांत दरबारी जोड अधिक दिसतात याचें कारण तेंच.

छापील विलायती पत्ते आले आणि बावन्न पानांनीं १२० पानांचा पाडाव केला. स्वस्त, हलके, शिकावयास सोपे; त्यांच्यापुढें टिकाव लागणें कठीणच होतें. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडींत गंजिफा करणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांपैकीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरापाशीं सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ही विद्या समजावून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार दालनांत कारागिरांस बसवून तिला पुन्हां चालना दिली. राजघराण्यानें आश्रय देणें नवें नव्हे. राणीनें स्वतः कुंचला हातीं धरणें हें नवें. याच काळांत मुंबईस स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन ठिकठिकाणचे जुने जोड जमवीत होते. १९८२ मध्यें त्यांचा गंजिफांवरील ग्रंथ निघाला, आणि ज्या वस्तूकडे घरोघर अडगळ म्हणून पाहत, तिचा विद्वानांत बोलबाला झाला. २०२४ मध्यें सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालें.

एवढें झालें तरी एक गोष्ट व्हावयाची राहिली. वस्तु वांचली, खेळ वांचला नाहीं. गंजिफांची चित्रशैली पेट्या, तबकें, पाट यांवर उतरली आणि जोड विकत घेणारा तो बहुधा दिवाणखान्यांत मांडण्यासाठीं घेऊं लागला. चितारी उपाशीं राहण्यापेक्षां हें केव्हांही बरें, आणि ज्यांनीं हें घडविलें त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु गिऱ्हाईक बदललें कीं कामही हळूहळू बदलतें. भिंतीवर टांगणाऱ्याला दहा राजे पुरतात. नव्वा आणि सत्ता त्याला नकोत. कांचेमागच्या पानाची पाठ कोणी पाहत नाहीं, मग ती घोटण्यांत दिवस कोण घालविणार? पेटींतल्या शंभर अंकपानांना अर्थ देणारे तीन खेळाडू सतरंजीवर बसत, तेव्हां पिसण्याआधीं बाहेर ऊन आहे कीं दिवे लागले आहेत हें एकदां पाहून घेत, आणि मग रामाचा किंवा कृष्णाचा राजा ज्याच्या हातीं असे तो पहिलें पान टाकी.