आनंद शिंदे : ‘पोपट’, ‘कोंबडी’ आणि त्यापलीकडे

आनंद शिंदे यांचे सर्वोत्तम गाणे कोणते, या प्रश्नावर त्यांच्या चाहत्यांचे आजवर एकमत झालेले नाही. कॅसेटच्या काळात वाढलेला श्रोता ‘नवीन पोपट हा’चे नाव घेतो. चित्रपटगीतांवर पोसलेली पिढी ‘कोंबडी पळाली’ला पहिला क्रमांक देते. वरातीत नाचणारी तरुणाई ‘आवाज वाढव डीजे’चा आग्रह धरते. या तिन्ही बाजूंचे बोलणे शांतपणे ऐकून घेणारा एक मोठा श्रोतृवर्ग आहे. त्याच्या दृष्टीने हा सगळा वाद अपुरा आहे, कारण त्यात शिंदे यांच्या भीमगीतांचा उल्लेखच नसतो.

हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नाही. एखादा गायक ‘परत आला’ असे म्हणताना तो कोणासाठी गेला होता आणि कोणासाठी परतला, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

घराण्याचा वारसा

आनंद शिंदे हे गायक प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. मूळचे मंगळवेढ्याच्या मातीतले प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या मैफलींतून पुढे आले आणि ‘पाऊले चालती पंढरीची वाट’, ‘चल ग सखे पंढरीला’ या गाण्यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. विठ्ठलभक्तीची गाणी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील गाणी हे त्यांच्या गायनाचे दोन समांतर प्रवाह होते. खुला, उंच पट्टीतला आवाज आणि ध्वनिक्षेपकाविनाही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्याची हातोटी हा त्यांचा वारसा आनंद आणि मिलिंद या पुत्रांकडे आला. 2004 मध्ये प्रल्हाद शिंदे यांचे निधन झाले. भीमगीतांचे महाकवी वामनदादा कर्डक हेही त्याच वर्षी गेले. पुढे आनंद यांचे पुत्र आदर्श यांनी ‘दुनियादारी’ (2013) चित्रपटातील ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ गाऊन तिसऱ्या पिढीची ओळख करून दिली. या कुटुंबाच्या गायकीला ‘शिंदेशाही’ म्हणण्याचा प्रघात पडला, तो यामुळेच.

कॅसेटचे दिवस

‘नवीन पोपट हा’ गाजले ते 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर ध्वनिमुद्रित संगीतावर मोजक्या कंपन्यांची पकड होती. ध्वनिमुद्रिका महाग होत्या आणि त्या वाजविण्याचे यंत्र सर्वांच्या आवाक्यात नव्हते. कॅसेटने हे चित्र पालटले. थोड्या खर्चात, थोड्या दिवसांत गाणी मुद्रित करून ती एसटी स्थानकांवर, जत्रेत, पदपथावर विकता येऊ लागली. आकाशवाणीच्या निवडीची किंवा चित्रपटाच्या कथानकाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. ज्या वस्त्यांचा सूर तोवर अधिकृत माध्यमांत क्वचितच उमटत असे, त्यांचे गाणे प्रथमच त्यांच्याच पैशांतून विकले जाऊ लागले.

त्यामुळे ‘पोपट’ला जितकी लोकप्रियता लाभली, तितकीच टीकाही वाट्याला आली. गाणे द्वयर्थी आहे, अभिरुचीला बाधक आहे, असा आक्षेप घेतला गेला. त्यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले असते: तमाशातील बतावणीत, शृंगारिक लावणीत आणि दादा कोंडके यांच्या चित्रपटांत जे चालले, ते एका कॅसेटने केले तर एवढा गहजब का? हा युक्तिवाद सहज डावलता येण्याजोगा नाही. मात्र या एका गाण्याने आनंद शिंदे यांच्यावर ‘गमतीची गाणी म्हणणारा गायक’ असा शिक्का बसला, हेही खरे.

पडद्यावरचे पुनरागमन

केदार शिंदे दिग्दर्शित ‘जत्रा’ (2006) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’ हे गाणे केले आणि ते आनंद शिंदे व वैशाली सामंत यांच्याकडून गाऊन घेतले. कॅसेटचा बाजार तेव्हा ओसरत चालला होता. मराठी चित्रपट मात्र नव्याने उभा राहत होता. लोकसंगीताचा ठेका आणि भरदार वाद्यवृंद यांच्या मेळात शिंदे यांचा आवाज शहरी मध्यमवर्गाने, काहींनी तर प्रथमच, मनापासून ऐकला. ज्या घरांत ‘पोपट’ लावणे कमीपणाचे मानले जाई, तेथील लग्नसमारंभांतही ‘कोंबडी’ वाजू लागली.

हीच चाल पुढे ‘अग्निपथ’ (2012) या हिंदी चित्रपटात ‘चिकनी चमेली’ म्हणून देशभर गाजली. ते गाणे श्रेया घोषाल यांनी गायले. चाल हिंदीत गेली, पण मूळ गाण्यातील पुरुषी ललकारी मराठीतच राहिली. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की ‘कोंबडी’च्या यशात शिंदे यांच्या आवाजाचा वाटा किती होता, ते कळते, असे चाहते सांगतात. त्यानंतर ‘पोश्टर गर्ल’ (2016) मधील ‘आवाज वाढव डीजे’मध्ये पितापुत्र एकत्र गायले आणि आणखी एका पिढीने हा आवाज आपलासा केला.

वलवण ते देहूरोड

‘पुनरागमन’ हा शब्द मात्र सगळीकडे सारखा लागू पडत नाही. लोणावळ्याजवळचे वलवण घ्यावे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या तलावामुळे ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात पावसाळ्यात मुंबई-पुण्याचे पर्यटक येतात आणि त्यांच्या गाड्यांतून चित्रपटगीते ऐकू येतात. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकल मावळ ओलांडून देहूरोडला पोहोचते, तेव्हा याच घराण्याच्या गाण्यांचे वेगळेच संदर्भ समोर येतात. देहूरोड येथे 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ तेथे अनुयायी जमतात. जवळच तुकोबांचे देहू. तेथून ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी पंढरीकडे निघते. विहार आणि वारी या दोन्ही वाटांवर शिंदे घराण्याचा सूर सोबतीला असतो. या परिसरात एका घराचे गाणे करमणूक, भक्ती आणि आत्मसन्मान अशा तिन्ही रूपांत नांदते.

14 एप्रिलची जयंती, विजयादशमीची दीक्षाभूमी, 6 डिसेंबरची चैत्यभूमी हे भीमगीतांचे पंचांग आहे. ‘पोपट’ आणि ‘कोंबडी’ यांच्यामधल्या वर्षांत, ज्या काळाला चित्रपटरसिक विस्मृतीचा काळ समजतात, त्या काळातही आनंद आणि मिलिंद शिंदे यांची भीमगीते या पंचांगानुसार वाजतच होती. जयंतीच्या मंडपातील श्रोत्याला हा गायक परत आल्याचे वाटले नाही, कारण त्याच्यासाठी तो कधी गेलाच नव्हता.

गाणे मोजावे कशाने?

खप आणि प्रसार हे माप मानले, तर ‘पोपट’ आणि ‘कोंबडी’ यांच्यातच लढत होईल. गायकीचा कस पाहायचा तर भीमगीतांकडे वळावे लागते. तेथे चटपटीत ठेक्याचा आधार कमी असतो, शब्दांचे वजन अधिक असते आणि समोरचा समुदाय प्रत्येक ओळीला दाद देत असतो. 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’नंतर मुंबईच्या वस्त्यांतील रॅप चर्चेत आला, तेव्हा वस्तीने स्वतःच्या शब्दांत स्वतःविषयी बोलणे ही नवी गोष्ट मानली गेली. आंबेडकरी जलशांनी आणि गायनपार्ट्यांनी ती कितीतरी आधी केली होती.

मान्यतेचा प्रश्नही याला जोडलेला आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून शिफारस केलेल्या बारा नावांत आनंद शिंदे यांचे नाव होते. त्या यादीवर निर्णय झाला नाही आणि 2022 मधील सत्ताबदलानंतर ती मागे घेण्यात आली. नियुक्ती झाली नाही, तरी कॅसेटच्या बाजारातून आलेल्या गायकाचे नाव कलावंत म्हणून त्या यादीत आले, याची नोंद घ्यावी लागते.

नोंदींची उणीव

या वादाचा निकाल लागणे कठीण आहे, याचे एक साधे कारण म्हणजे अपुऱ्या नोंदी. चित्रपटगीतांचे गीतकार, संगीतकार, वर्ष सहज सापडते. कॅसेटवरील भीमगीतांचे तसे नाही. वेष्टनावर छापलेली नावे वेष्टनासोबत नाहीशी झाली. चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते. इंटरनेटवर चढविलेल्या ध्वनिफितींवर गायकाचे नाव असते, पण गाणे लिहिणाऱ्या शाहिराचे पुष्कळदा नसते. 2012 मधील दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क बळकट झाला. परंतु ज्याचे नावच नोंदीत नाही, त्याला त्या हक्काचा उपयोग काय?

घरोघरी माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅसेटींची वेष्टने अजूनही काही ठिकाणी शाबूत आहेत. त्यांवरील नावे, वर्षे आणि गाण्यांच्या याद्या उतरवून ठेवण्याचे काम जाणत्या चाहत्यांनाच करता येण्याजोगे आहे. ते झाले, तर सर्वोत्तम दहा गाण्यांची यादी करताना निवड निदान पूर्ण ऐवजातून होईल.