कान्स्कोरा : एका नावामागची माणसे

पावसाळा ओसरू लागला, की सह्याद्रीच्या ओलसर उतारांवर एक नाजूक रोप फुलते. समोरासमोर पाने, चौकोनी देठ आणि इवल्या फुलांना चार पाकळ्या. किराईताच्या कुळातील या प्रजातीला शास्त्रज्ञ ‘कान्स्कोरा’ म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १७८५ मध्ये रूढ केलेले हे नाव लॅटिन भासले, तरी ते मुळात मलबारच्या बोलीतील आहे. ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातून ते घेतले गेले.

या ग्रंथाची जन्मकथा आपण विसरू नये. १६६३ मध्ये प्रॉटेस्टंट डचांनी कोचीन जिंकले आणि युरोपीय कॅथलिक मिशनऱ्यांना तेथून जावे लागले. तरीही मलबारच्या वनस्पतींची नोंद करावयाची ठरली, तेव्हा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने एका कार्मेलाईट धर्मगुरूचेच साहाय्य घेतले. ते होते सेंट जोसेफचे फादर मॅथ्यू. त्यांच्या चित्रांनी व टिपणांनी कार्याचा आरंभ झाला.

परंतु झाडांचे गुण सांगितले ते येथल्या वैद्यांनी. एळवा समाजातील इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणी ब्राह्मण यांच्या १६७५ मधील साक्षी पहिल्या खंडात छापल्या आहेत. कोकणी वैद्यांची साक्ष देवनागरीत आहे. पोर्तुगीजांच्या धार्मिक सक्तीमुळे गोवा सोडून कोचीनला गेलेल्या समाजातले हे वैद्य. त्यांचे ज्ञान आणि कॅथलिक धर्मगुरूचे श्रम एकाच ग्रंथात शेजारी बसले, हे आपण कृतज्ञतेने आणि थोड्या संकोचानेही स्मरावे.

पुढे विसाव्या शतकात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या डोंगरातील याच प्रजातीच्या एका जातीला ‘कान्स्कोरा खंडालेन्सिस’ हे नाव दिले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मलबारच्या बोलीतले नाव आणि आपल्या घाटातले गाव अशा रीतीने एका जोडनावात आले. के. एस. मणिलाल यांच्या २००३ मधील इंग्रजी भाषांतरामुळे त्या जुन्या साक्षी आता वाचता येतात. सांगणारे आणि लिहून घेणारे, दोघांचीही नावे आपण मुलांना सांगू या.