दारू सुटली, पण मन? बिल विल्सन यांच्या आयुष्याचा न सांगितलेला भाग

दारू सोडून सहा-आठ महिने झालेले रुग्ण तपासायला येतात तेव्हा त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टर, पीत नाही, कामावरही जातो, पण कशातच मन लागत नाही." मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं की पुढच्या वेळी सोबत आलेले नातेवाईक विचारतात, "एक व्यसन सुटलं, आता या डोक्याच्या गोळ्यांचं दुसरं कशाला लावून घ्यायचं?" तुमच्या घरातही हा प्रश्न कधी निघाला असेल. त्याचं वैद्यकीय उत्तर मी देणारच आहे, पण आधी एका माणसाचा इतिहास सांगतो. त्यामुळे हे उत्तर जास्त नीट कळतं.

बिल विल्सन हे नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एएच्या सभांना जाणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे. जगभर चालणाऱ्या या स्वमदत गटांच्या दोन संस्थापकांपैकी ते एक. त्यांची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट थोडक्यात अशी : न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारा हुशार माणूस दारूपायी धुळीला मिळतो, टाऊन्स हॉस्पिटलमध्ये पुन्हा पुन्हा दाखल होतो, डिसेंबर १९३४ मध्ये तिथेच त्याला एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव येतो आणि त्यानंतर तो आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवत नाही. १९३५ च्या उन्हाळ्यात ओहायोमधल्या अ‍ॅक्रन गावी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनच्या साथीने एएची सुरुवात होते.

हे सगळं खरं आहे. पण डॉक्टर म्हणून मला या गोष्टीच्या मागचा आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी मागचा. विल्सन यांचा जन्म १८९५ चा, व्हरमाँट राज्यातला. लहानपणी वडील घर सोडून गेले, आई शिक्षणासाठी बॉस्टनला गेली आणि मुलगा आजोळी वाढला. सतराव्या वर्षी ज्या मुलीवर त्यांचं प्रेम होतं, ती एका शस्त्रक्रियेनंतर अचानक वारली. त्यानंतर ते दीर्घकाळ नैराश्यात होते, अभ्यास पार कोलमडला. दारूचा पहिला पेला त्यांनी हातात घेतला तो सैन्यात, १९१७ च्या सुमारास. म्हणजे नैराश्य आधी आलं आणि दारू पाच वर्षांनी. रुग्णाचा इतिहास घेताना आम्हाला हा क्रम मुद्दाम विचारायला शिकवतात, कारण पुढचे उपचार बरेचसे त्यावर ठरतात.

आता पुढचा भाग. १९४४ साली, दारू सोडून जवळपास दहा वर्षं झालेली असताना, विल्सन यांना तीव्र नैराश्याने गाठलं. ते जवळजवळ १९५५ पर्यंत कमीजास्त होत राहिलं. काही दिवस अंथरुणातून उठणं कठीण जाई. ते कार्यालयात येत, समोर बसत, डोकं हातात धरत आणि बोलूच शकत नसत, अशी त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांची आठवण नोंदलेली आहे. याच काळात त्यांनी संघटनेच्या बारा परंपरा मार्गी लावल्या, १९५३ मध्ये बारा पायऱ्या आणि बारा परंपरांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. हजारो लोक ज्यांच्या शब्दांवर दारूपासून दूर राहत होते, त्या माणसाची स्वतःची अवस्था ही होती.

त्यांनी मदत घेतली. हॅरी टीबाउट या मानसोपचारतज्ज्ञांकडे ते १९४४ पासून जाऊ लागले. यावर संघटनेतल्या काहींनी नाकं मुरडली. ज्याने कार्यक्रम तयार केला त्यालाच डॉक्टर लागतो, म्हणजे हा आपल्याच पायऱ्या नीट चढत नसणार, असा त्यांचा सूर होता. आपल्याकडच्या "मन घट्ट कर, सगळं नीट होईल" याचाच तो अमेरिकन भाऊ म्हणायचा. मधुमेह झालेल्या पुजाऱ्याला कुणी "तुमची भक्ती कमी पडली" असं म्हणत नाही. मनाच्या आजाराला मात्र सर्रास म्हणतात.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. व्यसनातून बाहेर आलेल्या लोकांना गोळ्यांचा जो संशय होता, तो निव्वळ अडाणीपणा नव्हता. १९४४ मध्ये नैराश्यावरचं औषध असं काही अस्तित्वातच नव्हतं. होती ती बार्बिट्युरेट गटातली झोपेची आणि गुंगीची औषधं, आणि त्यांचं व्यसन दारूइतकंच घट्ट लागतं. दारू सोडलेली कित्येक माणसं त्यात अडकली. पुढे १९५५ मध्ये मिलटाऊन नावाची चिंता शमवणारी गोळी आली, १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम. प्रत्येक वेळी "ही सुरक्षित आहे" असं डॉक्टरांनीच सांगितलं आणि प्रत्येक वेळी सवय लागलेल्यांच्या रांगा लागल्या. आमच्या व्यवसायाने कमावलेला हा अविश्वास आहे, तो दुसऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.

घोटाळा झाला तो १९५७ नंतर. त्या सुमारास दोन वेगळ्या प्रकारची औषधं सापडली. क्षयरोगावरचं आयप्रोनायझिड घेणारे रुग्ण अचानक उत्साही दिसू लागले, यावरून एक. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा नैराश्यावर होणारा परिणाम ओळखला, ते दुसरं. या गोळ्यांनी नशा येत नाही. घेतल्याबरोबर बरं वाटत नाही, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. आजची नैराश्यावरची औषधंही या बाबतीत अशीच आहेत. एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होतात, म्हणून ती हळूहळू कमी करावी लागतात. पण त्याला व्यसन म्हणत नाहीत. औषधं बदलली तरी लोकांच्या मनातला जुना संशय मात्र तसाच राहिला आणि सगळ्याच गोळ्या एका पिशवीत गेल्या. तो संशय कमी व्हायला वेळ लागला. आज एएची स्वतःची पुस्तिका सांगते की कोणत्याही सदस्याने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेली मानसिक आजाराची औषधं परस्पर बंद करायला सांगू नये.

रुग्णालयांकडे पाहिलं तर चित्र फार वेगळं नव्हतं. अमेरिकेत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था १९४९ पासून होती, दारूच्या प्रश्नासाठी १९७० मध्ये वेगळी संस्था निघाली, इतर अमली पदार्थांसाठी त्यानंतर आणखी एक. खाती वेगळी, निधी वेगळा, डॉक्टर वेगळे. दोन्ही आजार असलेल्या माणसाला मनोरुग्णालय म्हणे, "आधी दारू सोडून या", आणि व्यसनमुक्ती केंद्र म्हणे, "आधी डोकं ठिकाणावर आणा". अशा रुग्णांची संख्या किती मोठी आहे हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं. वीस हजारांहून अधिक अमेरिकन लोकांच्या त्या पाहणीत, दारूचा आजार झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी दुसरा मानसिक आजारही झालेला होता. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हा आकडा ५३ टक्के होता.

मात्र दारू सोडताना येणारी प्रत्येक उदासी म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे, हेही लक्षात घ्या. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उपचारासाठी दाखल झालेल्या पुरुषांचा अभ्यास केला. दाखल होताना ४२ टक्के जणांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती. चार आठवडे दारूविना गेल्यावर ती फक्त ६ टक्क्यांत उरली. दारू स्वतःच मेंदूला उदास करते, ती थांबली की बरंच आभाळ आपोआप मोकळं होतं. म्हणून बहुतेक वेळा डॉक्टर तीन-चार आठवडे थांबून पुन्हा तपासतात. पण जीव देण्याचे विचार असतील, भास होत असतील, किंवा विल्सन यांच्यासारखं दारूच्या आधीपासूनच नैराश्य असेल, तर थांबायचं नसतं.

महाराष्ट्र या बाबतीत थोडा नशीबवान ठरला. ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या लाटेत १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक मदत केली. व्यसनाकडे आजार म्हणून पाहणारी मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून केंद्राच्या मुळाशी असणं, हे त्या काळात सर्वत्र घडत नव्हतं. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत धरलं.

आता तुमच्यासाठी, थेट. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा व्यसनाचा इतिहास आपणहून सांगा, विचारण्याची वाट पाहू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांपासून तुम्हाला इतरांपेक्षा जास्त धोका आहे. त्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणू नका. आधीच रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. नैराश्याची, बायपोलर आजाराची किंवा भास थांबवणारी औषधं मात्र गटातल्या मित्राच्या, काकांच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या सांगण्यावरून सोडू नका. औषध आणि गटाची सभा ही दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

राहता राहिली सिगारेट. विल्सन यांना ती कित्येक वर्षं सुटली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी ते वारले, छत्तीस वर्षं दारूशिवाय काढून. फुप्फुसं एम्फिसिमाने निकामी झाली होती. तेव्हा तुमच्या पुढच्या भेटीत खिशातल्या पाकिटाबद्दलही बोलू. रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.