१२. खोटी उकरण
येथे उल्लेख उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा आहे. त्याचा माजाचा काळ बहुतेक भागांत नोव्हेंबरमध्ये ऐन भरात असतो. त्याआधीच्या काही आठवड्यांत नर पुढच्या खुरांनी पालापाचोळा बाजूला सारून ओली माती उघडी करतो आणि मागच्या पायांच्या आतील बाजूच्या ग्रंथींवरून ओघळेल असे त्यावर मुततो. परंतु खरे महत्त्व उकरलेल्या मातीपेक्षा तिच्यावर लोंबणाऱ्या फांदीला असते. ती तो चाटतो, चावतो, कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी तिच्यावर घासतो. इतर नर आणि माद्याही तिचा वास घेऊन जातात. मजकुरातील शिकारी जमिनीकडे न पाहता आधी फांदी का शोधतो, ते यावरून कळेल. हरणांना फसवण्यासाठी खोटी उकरण करताना, माणसाचा वास लागू नये म्हणून तो रबरी बूट आणि हातमोजे घालतो, छातीच्या उंचीवर फांदी वाकवून बांधतो आणि तिच्याखाली काठीने माती उकरतो. पुष्कळ जण त्यावर बाजारात मिळणारे हरणाचे मूत्र शिंपडतात. हरणांच्या मेंदूचा नाश करणाऱ्या एका असाध्य रोगाचे कारक घटक मूत्रातूनही पसरू शकतात, म्हणून व्हर्जिनियासह काही राज्यांनी अशा मूत्राच्या वापरावर बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. तेथे कृत्रिम गंध वापरतात. अशा जागी हरणे बहुधा रात्रीच फिरकतात. त्यामुळे पुढील पानावरचा झाडाला बांधलेला कॅमेरा नर हेरण्यासाठी आहे.