नल्लकुंट्याची खोली आणि अजिंठ्याची भिंत

काचीगुड्याला गाडीतून उतरून पिशव्या सावरत बाहेर आलेल्या आपल्या भागातल्या माणसाला हैदराबादेतली जी दोन-चार नावे पाठ असतात, त्यांत नल्लकुंटा हे एक असते. कुणाचे मामा तिथे भाड्याने राहिलेले असतात, कुणाच्या आजोबांना तिथल्या फीव्हर हॉस्पिटलात ठेवलेले असते, कुणी शंकरमठात दर्शनाला गेलेले असते. हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज लाइन १९०० साली पुरी झाली आणि नांदेड-परभणीकडच्या माणसाला राजधानी जवळ आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद ही आपली राजधानीच होती. राज्य मोडले, राजधानी बदलली, तरी शिकायला हैदराबादेस जाण्याची रीत सीमेवरच्या घरांतून गेली नाही. उस्मानिया विद्यापीठ हाकेच्या अंतरावर असल्याने नल्लकुंट्यातल्या गल्ल्यांत विद्यार्थ्यांच्या खोल्या पूर्वीही होत्या, आजही आहेत.

त्या खोल्यांतली बहुतेक मुले इंजिनिअरिंगची, कायद्याची किंवा स्पर्धा परीक्षांची. एखादीच मुलगी चित्रकला शिकणारी निघते. सकाळी कागदाची गुंडाळी आणि रंगांची पिशवी घेऊन ती मासाब टँककडची बस धरते. तेलुगूत नल्ल म्हणजे काळे आणि कुंट म्हणजे लहान तळे. मासाब टँक म्हणजे मासाहेबांचा तलाव. कुतुबशाहीतल्या हयात बक्षी बेगमेला लोक मासाहेबा म्हणत. एका तळ्याच्या नावाकडून दुसऱ्या तळ्याच्या नावाकडे असा तिचा रोजचा प्रवास, आणि वाटेत सगळी शहराची गर्दी! मासाब टँकचे कलामहाविद्यालय १९४० साली सरकारी शाळा म्हणून निघाले. २००८ पासून ते जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललितकला विद्यापीठाचा भाग आहे.

तिथले शिक्षण बाहेरून वाटते तसे मनमौजी नसते. मांडून ठेवलेले मडके, त्याची सावली, माणसाच्या हाडांची रचना, कपड्याच्या चुण्या हे सारे पुन्हा पुन्हा काढावे लागते. शिवाय बाहेर जाऊन रेखाटने करायची. मग ती काचीगुडा स्टेशनावर पथारी टाकून झोपलेली माणसे काढते, भाजीबाजारात टोपलीमागे बसलेली बाई काढते. बाई हलते, गिऱ्हाईक मध्ये येते, रेघ चुकते; पान उलटून पुन्हा सुरुवात. अशा मुलीला दोन प्रश्न कायम विचारले जातात. घरचे विचारतात, "चित्रे काढून पुढे काय?" आणि वर्गातले शिक्षक विचारतात, "हात चांगला आहे, पण यात तुझे स्वतःचे काय?" पहिला प्रश्न पोटाचा, दुसरा प्रेरणेचा. या दोन्ही प्रश्नांना तोंड दिलेल्या विद्यार्थ्यांचा एक जुना इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच मुलखात, अजिंठ्यात होते.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. तो मुलूख निजामाचा. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने तिथे राहून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले. विद्यार्थिदशेत अजिंठ्याला राहून काम करणाऱ्या आपल्याकडच्या कलाविद्यार्थ्यांची ही पहिली मोठी तुकडी. लेण्यांत अंधार, वटवाघळांची घाण, भिंतीवर धुराचे आणि ओलीचे थर. त्यातून एखादा हात, एखादे कमळ, एखाद्या दासीचा कललेला चेहरा शोधून कापडावर उतरवायचा. १८८५ पर्यंत हे काम चालले. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात पुन्हा आग लागली आणि यांतल्याही पुष्कळ प्रती गेल्या. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन खंड निघाले. ग्रंथावर नाव ग्रिफिथ्सचे. ज्यांनी प्रत्यक्ष ब्रश चालवला त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखे एखादे नाव जाणकारांच्या ओठी येते. बाकीचे विस्मृतीत गेले. पण त्यांचा हात तिथे तयार झाला, तो कुठल्याही आगीत जळणारा नव्हता.

दुसरी तुकडी १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत आली. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने नव्याने प्रती करायचे ठरवले. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि मूळचे म्हैसूरचे वेंकटप्पा आले. निजाम सरकारने हैदराबादेहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन या दोघांना पाठवले. म्हणजे बंगाली, कानडी, दखनी उर्दू बोलणारी ही तरुण मंडळी मराठी मुलखातल्या एका दरीत एकाच भिंतीसमोर बसली होती. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना या दृश्याचे नवल वाटणार नाही. आपल्या आठवडी बाजारात दर आठवड्याला हेच चालते!

या दोन वाटा पुढे कुठे गेल्या ते पाहण्यासारखे आहे. सय्यद अहमद अजिंठ्याशीच बांधले गेले. निजाम सरकारने १९१४ मध्ये गुलाम याजदानी यांच्या हाताखाली पुरातत्त्व खाते काढले, १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून तज्ज्ञ आणून सुटू लागलेला गिलावा पक्का करून घेतला, आणि सय्यद अहमद लेण्यांचे क्युरेटर झाले. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या प्रतींचे दालन आहे. नल्लकुंट्याच्या आपल्या मुलीला अजिंठ्याला जायला सवड नसली, तरी त्या दालनापर्यंत सिटी बसने जाता येते.

नंदलाल बोस यांनी अजिंठ्याहून वेगळे काही नेले. बुद्धाच्या कथा त्यांनी पुढेही रंगवल्या. पण रेघेने देह कसा बोलतो हे जे ते शिकले, ते त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात आजूबाजूच्या संथाळ वस्तीकडे, शेतकऱ्याकडे, जनावरांकडे वळवले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून तिथली सजावट त्यांनी बांबूसारख्या स्थानिक सामानातून उभी केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी काढलेल्या चित्रांत ढोलकी वाजवणारे, कातडे शिवणारे, कामात गढलेल्या बाया अशी साधी माणसे आली. अजिंठ्याच्या भिंतीवरही राजवाड्याइतकेच बाजार, मिरवणुका आणि हत्ती आहेत, हे त्यांच्या डोळ्यांनी टिपले होते.

नंदलाल यांचे विद्यार्थी जगदीश मित्तल १९५१ मध्ये हैदराबादेस आले ते इथलेच झाले. पत्नी कमला यांच्यासह त्यांनी जमवलेल्या भारतीय कलावस्तूंचे संग्रहालय १९७६ पासून शहरात आहे. नंदलाल यांचेच दुसरे विद्यार्थी के. जी. सुब्रह्मण्यन बडोद्याला शिकवू लागले. १९५० मध्ये निघालेली सयाजीराव विद्यापीठाची ती कलाशाखा; तिथे आपले ना. श्री. बेंद्रेही शिक्षक होते. सुब्रह्मण्यन यांच्याकडे हैदराबादच्या कलाशाळेतून दोन तरुण जाऊन शिकले. पहिले मेदक जिल्ह्यातल्या निजामपूरचे, १९४० चा जन्म असलेले लक्ष्मा गौड. दुसरे करीमनगर जिल्ह्यातले, १९४२ चा जन्म असलेले तोटा वैकुंठम. अजिंठ्याची शिदोरी अशी शांतिनिकेतन आणि बडोदा असा वळसा घेऊन पुन्हा हैदराबादेत आली.

आणि या दोघांनी काय काढले? गौड यांनी तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून आपले गाव काढले: शेळ्या, झाडे, दागिने ल्यालेल्या रांगड्या बाया आणि पागोटेवाले पुरुष. वैकुंठम यांनी तेलंगणातली सावळी बाई काढली, तिचे मोठे कुंकू, हळदीसारखा पिवळा आणि झेंडूसारखा भगवा रंग. लहानपणी गावात येणाऱ्या नाटकमंडळीतले बाईची सोंगे घेणारे पुरुष त्यांना भुरळ घालीत, आणि चित्रातल्या बाईत त्यांना आपली आई दिसे. दोघांनाही विषय बडोद्यात मिळाला नाही, तो घरीच होता. मात्र तो विषय आहे हे कळायला बडोद्यापर्यंत जावे लागले.

घरच्यांच्या प्रश्नालाही या इतिहासात उत्तर आहे, पण ते गुळमुळीत नाही. लक्ष्मा गौड यांनी दूरदर्शनमध्ये नोकरी केली, पुढे हैदराबाद विद्यापीठात शिकवले. त्यांच्याही आधी, १९१५ मध्ये करीमनगरच्या अन्नारम गावी शेतकऱ्याच्या घरी पी. टी. रेड्डी जन्मले. कोतवाल राजाबहादूर वेंकटराम रेड्डी यांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, तिथे नावाजले, आणि १९४१ मध्ये काही मित्रांसह त्यांनी नव्या वळणाच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. पण परत आल्यावर संसारासाठी त्यांनी फर्निचरचा धंदाही केला. पुढे ते पुन्हा चित्रांकडे वळले, आणि १९९६ मध्ये वारले तेव्हा मागे मोठे काम ठेवून गेले. त्यांचे घर नारायणगुड्यात, म्हणजे नल्लकुंट्याच्या शेजारी. पत्नी यशोदा रेड्डी विद्यापीठात तेलुगूच्या प्राध्यापक. तेलंगणाच्या घरगुती बोलीत त्यांनी कथा लिहिल्या. पुस्तकी तेलुगूपुढे ज्या बोलीला लोक हसत, तिचेच त्यांनी साहित्य केले. एकाच घरात एकाने गाव रंगांत आणले, दुसरीने बोलीत.

हे वाचताना आपल्या मुलांची आठवण येते. घरी मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत हिंदी-इंग्रजी अशा चार भाषांत वाढलेले मूल शहरात गेले की आपल्या उच्चाराला लाजते. चित्रांतही तसेच होते. गावाकडचे काही दाखवायला संकोच वाटतो. खरे तर त्याच्याजवळ दुप्पट शिदोरी असते. आश्विनात एका अंगणात हादग्याचा हत्ती पाटावर काढला जातो आणि मुली फेर धरतात, त्याच दिवसांत शेजारच्या अंगणात फुलांचे थर रचून बतुकम्मा उभी राहते आणि तिच्याभोवतीही फेरच धरला जातो. दोन्ही फेरांतली गाणी जिला येतात, तिला "तुझे स्वतःचे काय?" या प्रश्नाचे उत्तर अजून सापडले नसेल, पण ते तिच्या अंगणातच आहे.

दिवाळीला ती मुलगी नल्लकुंट्याहून घरी येईल. फराळाचे ताट पुढे ठेवल्यावर "पुढे काय?" हा प्रश्न येणारच, आईबापांनी तो विचारू नये असे कोण म्हणेल? फक्त त्याआधी तिची रेखाटनांची वही एकदा मागून घ्यावी. तीत स्टेशनावर झोपलेली माणसे असतील, भाजीवाली असेल, आणि कुठल्यातरी पानावर, न विचारता काढलेले, आपलेच ओसरीवर बसलेले माणूसही असेल. आणि पानाच्या खाली कोपऱ्यात तिला नाव आणि तारीख लिहायला सांगावे. ग्रिफिथ्सच्या बरोबर गेलेल्या त्या मुलांना ते कुणी सांगितले नव्हते.