बशीतली पेशी, देहातली पेशी

कबड्डीत मांडीचा स्नायू फाटला, की हल्ली आमच्या रत्नागिरीतही ‘स्टेम सेल’चे नाव निघते. त्यामागचा इतिहास मला सांगावासा वाटतो.

पेशी शरीराबाहेर जगवता आल्या, तरच त्या वाढवून टोचता येतात. ही विद्या मुंबईत रुजवली ती पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. 1949 मध्ये पीएच.डी. झाल्यावर त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पोस्टडॉक संशोधनासाठी गेल्या. 1951 मध्ये हेला पेशी वाढल्या त्या तिथल्याच प्रयोगशाळेत. परतल्यावर त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यांचा विषय कर्करोग होता.

स्नायूंच्या मूळ पेशी 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत दिसल्या. इजा होताच त्या जाग्या होतात, हे पुढे सिद्ध झाले. 1990 च्या दशकारंभी स्नायुक्षय झालेल्या मुलांना दात्यांच्या स्नायुपेशी टोचल्या गेल्या; बहुतेक पेशी लवकरच मेल्या. बशीत जगलेली पेशी देहात जगतेच असे नाही.

म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्नायूच्या दुखापतीसाठी या पेशी फक्त वैद्यकीय चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. बिल हाती आले, की तेथे विज्ञान संपले असे समजावे.