टिळक, गोखले आणि आमची रिक्षा

विचुंबेहून पनवेल स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात आम्ही दोघं तीन वर्षं शेजारी बसायचो. तो आमच्याच बिल्डिंगमधला, खालच्या मजल्यावरचा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आमचा वाद झाला आणि शेवटी मी त्याला 'विकला गेलेला' म्हणालो. तेव्हापासून मी रांगेत दिसलो की तो एक रिक्षा सोडतो.

मग मला टिळक-गोखले आठवले. शाळेत आपण काय शिकलो? टिळक जहाल, गोखले मवाळ. झाला प्रश्न सोडवून! खरी भानगड बरीच मोठी आहे.

दोघंही एकेकाळी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत सहकारी. १८९० मध्ये टिळक तिथून बाहेर पडले. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून दोघं समोरासमोर. १८९५ मध्ये टिळकांच्या गटाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतली, तर पुढच्याच वर्षी रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. म्हणजे पुण्यासारख्या छोट्या गावात रोज तोंड दिसणार आणि रोज भांडण!

आणि भाषा काही मऊ नव्हती. १८९७ चं उदाहरण घ्या. प्लेगच्या काळात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल गोखल्यांनी विलायतेत जाहीर आरोप केले. आधार होता पुण्याहून आलेल्या पत्रांचा. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी सरळ जाहीर माफी मागितली. इथे लोकांनी त्यांची भरपूर नाचक्की केली. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. एक तुरुंगात, दुसरा माफी मागणारा. लोकांनी हीरो कोणाला ठरवलं असेल, सांगायला नको. पण सिद्ध करता न येणारं विधान स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाऊन मागे घेणं, हेही येरागबाळ्याचं काम नाही.

१९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. अधिवेशनात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या. १९०८ मध्ये टिळक मंडालेला गेले, ते सुटले १९१४ च्या जूनमध्ये. मग दोन्ही गट एकत्र आणायच्या वाटाघाटी झाल्या आणि त्याही फिसकटल्या. दोष कुणाचा, यावर १९१५ च्या फेब्रुवारीत जाहीर वाद चालूच होता.

आणि १९ फेब्रुवारीला गोखले गेले. अवघे ४८ वर्षांचे.

टिळक तेव्हा सिंहगडावर होते. ते खाली आले, स्मशानात गेले आणि बोलले. ते बोलायला लागल्यावर काही जणांनी टाळ्या वाजवल्या, तर त्यांनाच सुनावलं की ही वेळ टाळ्यांची नाही, अश्रूंची आहे. मग गोखल्यांना भारताचा हिरा म्हणून, जमलेल्यांना त्यांच्यासारखं काम करायला सांगितलं.

यात टिळकांनी आपलं एकही मत सोडलं नव्हतं. मार्ग चुकीचा वाटतो म्हणून माणूस खोटा ठरवायचा नाही, एवढंच. मला वाटतं यामागे एक साधं कारण होतं: दोघांनी एकमेकांचं काम वर्षानुवर्षं जवळून पाहिलं होतं. समोरच्याने किती झीज सोसली आहे हे माहीत असलं की 'विकला गेला' म्हणायला जीभ रेटत नाही.

१९१६ मध्ये लखनौला काँग्रेस पुन्हा एक झाली. ते पाहायला गोखले नव्हते. भांडण मिटायला वेळ मिळेलच असं नाही, ही गोष्ट मला जास्त लागली.

माझं मत बदललेलं नाही, आणि त्याचंही बदलणार नाही. पण माझ्याकडे त्या शब्दाचा पुरावा नव्हता. तेवढा एक शब्द मागे घ्यायचा आहे. उद्या सोमवार. रांगेत दिसला, तर या वेळी रिक्षा मी सोडेन आणि त्याच्याजवळ जाऊन उभा राहीन. बघू काय म्हणतो ते.